मेकअपखालचा बोरिस कार्लोफ

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी रंगभूमीवर चरित्र भूमिका करणाऱ्या एका तरुणाने विचारलंय, की १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला बोरिस कार्लोफ चाळिशी उलटल्यावर एका सिनेमाने जगभर गाजला, आणि त्यात त्याचा चेहरा तर ओळखूही येत नव्हता. मग श्रेय नटाचं की मेकअपमनचं? आणि त्याआधी इतकी वर्षं हा माणूस करत काय होता?

मी रंगपटातला माणूस. हयात दाढी-मिशा चिकटवण्यात आणि तरुण पोरांचे म्हातारे करण्यात गेली. तेव्हा मी मेकअपमनची बाजू घेईन असं तुम्हाला वाटत असेल, आणि थोडीफार घेईनही. पण कार्लोफच्या बाबतीत तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचं देता येत नाही. म्हणून आधी ती वर्षं.

बोरिस कार्लोफ हे नाव म्हणजे त्याची पहिली रंगभूषा. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म २३ नोव्हेंबर १८८७, दक्षिण लंडनमधल्या कँबरवेलचा. नऊ भावंडांत शेंडेफळ. वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात अधिकारी होते, आणि आई-वडील दोघांच्याही घराण्यात हिंदुस्थानी रक्त होतं. आईकडचा धागा तर थेट आपल्या अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) येऊन मिळतो. सयामच्या राजाच्या मुलांची शिक्षिका म्हणून पुढे पुस्तकांतून आणि सिनेमांतून गाजलेली अ‍ॅना लिओनोवेन्स १८३१ मध्ये नगरला जन्मली. तिची बहीण एलायझा ही कार्लोफच्या आईची आई. या अ‍ॅनाबाई जन्मभर आपण वेल्समध्ये जन्मल्याचं सांगत राहिल्या. कार्लोफही म्हणायचा, की 'कार्लोफ' हे आडनाव आजोळकडून आलंय. त्याला आजवर कुणालाही पुरावा सापडलेला नाही. स्वतःचा पूर्वेतिहास नव्याने रंगवण्याची कला या घराण्यात होती म्हणायची!

घरची अपेक्षा होती, की पोराने परराष्ट्र खात्यात जावं. एक भाऊ जॉन चीनमध्ये वकिलातीत होता, पुढे सर झाला. विल्यमला त्यासाठीच लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातलं होतं. पण त्याचं लक्ष नाटकात. शिवाय पाय किंचित बाहेर वाकलेले, बोलताना अडखळायचा, आणि 'स'चा उच्चार शेवटपर्यंत थोडा बोबडाच राहिला. नटासाठी ही काही भांडवलाची यादी नव्हे. १९०९ मध्ये त्याने कॅनडा गाठला. तिथे आधी शेतावर मजुरी केली, मिळेल ते अंगमेहनतीचं काम केलं, आणि १९११ च्या सुमारास ब्रिटिश कोलंबियातल्या कॅम्लूप्स गावी जीन रसेल यांच्या फिरत्या नाटक कंपनीत शिरला. अनुभव आहे अशी थाप मारून. तो स्वतःच सांगायचा, की पडदा वर गेला तेव्हा माझा पगार आठवड्याला तीस डॉलर होता आणि पडदा पडला तेव्हा पंधरा.

कंपनी फिरत राहिली. १९१२ च्या जूनअखेर रेजायना शहरावर चक्रीवादळ आलं तेव्हा मंडळी तिथेच अडकली होती, आणि आपला नायक पोटासाठी ढिगारे उपसायच्या कामावर लागला. नंतर तो हॅरी सेंट क्लेअर यांच्या कंपनीत गेला. त्या कंपनीने नॉर्थ डकोटातल्या मायनट गावी जवळजवळ वर्षभर मुक्काम ठोकला; नाट्यगृह होतं एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. एकाच गावात तेच प्रेक्षक रोज येणार म्हटल्यावर नाटक सतत बदलावं लागतं. आज म्हातारा दिवाणजी, परवा दरोडेखोर, पुढच्या आठवड्यात पाद्री. कार्लोफचं पाठांतर झटपट व्हायचं, म्हणून त्याला मोठ्या भूमिका मिळू लागल्या. मेकअप ज्याचा त्याने करायचा. ग्रीसपेंटच्या म्हणजे तेलकट रंगाच्या चार कांड्या, दाढी-मिशांसाठी थोडं क्रेप हेअर, ते चिकटवायला स्पिरिट गम, एक आरसा. नटाने स्वतःचा चेहरा असा वर्षानुवर्षं हाताळला, की त्याला कळतं आपल्या गालाचं हाड कुठे उजेड पकडतं आणि भुवई किती उचलली की पुरे होते. हे ज्ञान दुसऱ्याच्या हातून मेकअप करून घेणाऱ्या नटाला सहसा येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हॉलिवूडला तो पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडे पोचला. 'हिज मॅजेस्टी, द अमेरिकन' या डग्लस फेअरबँक्सच्या १९१९ च्या सिनेमात तो गर्दीतला एक आहे. तिथून पुढची बारा वर्षं म्हणजे छोट्या भूमिकांची रांग. आणि भूमिका कसल्या, तर १९२१ मध्ये 'द होप डायमंड मिस्टरी' या मालिकापटात हिंदू पुजारी, त्याच वर्षी किपलिंगच्या गोष्टीवरच्या 'विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी'मध्ये अहमद खान, १९२२ मध्ये 'द मॅन फ्रॉम डाउनिंग स्ट्रीट'मध्ये एक महाराजा, ज्याचं नाव लेखकाने जेहान धारवार ठेवलंय (मोगल आणि कर्नाटक एका दमात!), त्याच वर्षी 'द इन्फिडेल'मध्ये नबाब. मधूनमधून अरब, मेक्सिकन, कॅनडातला फ्रेंच फासेपारधी. एक साधा लंडनकर सोडून सगळं.

याचं कारण त्याचा सावळा रंग, हे कुणीही सांगेल. पण त्यात फिल्मचाही हात होता. त्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळा-हिरवा प्रकाश पकडायची आणि लाल तिला जवळपास दिसायचाच नाही. त्यामुळे गोऱ्या माणसाचे लालसर गाल आणि ओठसुद्धा पडद्यावर काळपट पडायचे. म्हणूनच त्या काळचे नायक-नायिका चेहऱ्यावर फिकट रंगाचा जाड थर लावायचे. ज्याच्या मूळ कातडीतच पिवळसर-तांबूस झाक आहे, तो त्या फिल्मवर प्रत्यक्षाहून दोन छटा गडद दिसणार. इंग्रज म्हणून जन्मलेल्या या माणसाला कॅमेऱ्यानेच 'पूर्वेकडचा' करून टाकलं, आणि निर्मात्यांना तयार खलनायक मिळाला. आज हे प्रकार बघताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण भूमिका वाटणाऱ्याने एकदा खूण मारली की नटाच्या हातात फारसं काही उरत नाही, हे तुम्हा चरित्र भूमिका करणाऱ्यांना मी काय सांगणार?

कामं रोजंदारीवरची. अधूनमधून तीही आटायची, तेव्हा कार्लोफ बांधकामाच्या मालाचा ट्रक चालवायचा. तिशी ओलांडून गेलेला माणूस सिमेंटच्या गोण्या उतरवतोय आणि वेळ मिळाला की स्टुडिओच्या फाटकाशी उभा राहतोय. याच दिवसांतला एक किस्सा तो पुढे नेहमी सांगे. रस्त्याने पायी जाताना लॉन चेनीने त्याला आपल्या गाडीत घेतलं. चेनी म्हणजे तेव्हाचा मेकअपचा बादशहा. हजार चेहऱ्यांचा माणूस म्हणायचे त्याला. त्याने सल्ला दिला, की जे काम दुसरा कुणी करू शकत नाही किंवा करायला तयार नाही, असं काहीतरी शोध आणि तेच धर.

मूकपटांतलं त्याचं एकच काम बघायचं असेल तर 'द बेल्स' बघा, १९२६ चा. नायक लायोनेल बॅरीमोर. कार्लोफ जत्रेत संमोहनाचे खेळ करणारा माणूस झालाय. गोल काचांचा चष्मा, उंच टोपी, पांढराफटक चेहरा. हा अवतार ठरवण्यात बॅरीमोरचा हात होता आणि 'कॅलिगरी' या जर्मन मूकपटाची छाप त्यावर उघड दिसते. वाट्याला आलेलं फुटेज थोडंच, पण तो काय करतो पाहा: नुसता उभा राहतो आणि हसतो. बाकी सगळे मूकपटाच्या रिवाजाप्रमाणे हात फेकताहेत, डोळे वटारताहेत, आणि त्यांच्यामध्ये हा एकटा स्थिर. नजर त्याच्यावरच जाते.

बोलपट आले तसं वारं थोडं फिरलं. रंगभूमीवर घासलेला आवाज असलेल्यांना मागणी आली. पण कार्लोफला हात दिला तो नाटकानेच. 'द क्रिमिनल कोड' या तुरुंगातल्या नाटकाचा प्रयोग कॅलिफोर्नियात झाला, त्यात त्याने गॅलोवे नावाचा खुनी कैदी केला. हॉवर्ड हॉक्सने त्याचा सिनेमा काढला तेव्हा, १९३१ मध्ये, तीच भूमिका त्यालाच मिळाली. फितूर कैद्याला मारायला तो सावकाश, एकेक पाऊल टाकत पुढे सरकतो, तो प्रसंग दिग्दर्शनाचे वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने दाखवावा असा आहे. आरडाओरडा नाही, घाई नाही. खून होणार हे चालण्यातूनच कळतं. वाकड्या पायांची ती चाल, जिच्यामुळे तो नायक होऊ शकला नसता, ती इथे पहिल्यांदा पैसे वसूल करून देते.

आता 'फ्रँकेन्स्टाइन'. प्रेतांचे तुकडे जोडून जिवंत राक्षस घडवणाऱ्या शास्त्रज्ञाची ही गोष्ट. युनिव्हर्सल स्टुडिओने राक्षसासाठी आधी 'ड्रॅक्युला' गाजवलेल्या बेला लुगोसीला घ्यायचं ठरवलं होतं, दिग्दर्शक रॉबर्ट फ्लोरी. मग दिग्दर्शक बदलला, जेम्स व्हेल आला, तोही इंग्रज आणि नाटकातलाच. व्हेलने कार्लोफला स्टुडिओच्या उपाहारगृहात पाहिलं आणि चहाला बोलावून राक्षसाच्या भूमिकेची चाचणी देशील का म्हणून विचारलं. कार्लोफ त्या दिवशी चांगला सूट घालून, नीटनेटका होऊन आला होता, त्यामुळे त्याला हे जरा लागलंच, असं तो हसत सांगायचा.

मेकअपमन होता जॅक पिअर्स. ग्रीसमधून अमेरिकेत आलेला, बारीक चणीचा, तापट गृहस्थ. चाचणीआधी बरेच दिवस तो आणि कार्लोफ संध्याकाळी स्टुडिओत बसून चेहरा घडवत होते. पिअर्सचा विचार माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाठ करावा असा आहे. त्याने भयानक चेहरा काढायला घेतला नाही. त्याने विचारलं, की कवटी उघडून मेंदू बसवायचा झाला तर शल्यविशारद नसलेला शास्त्रज्ञ ती कशी कापेल? सरळ, आडवी, डब्याचं झाकण काढल्यासारखी. म्हणून डोकं वरून सपाट आणि कपाळावर टाक्यांची खूण. मानेवरचे ते खिळे म्हणजे वीज आत घेण्याची टोकं. प्रत्येक गोष्टीला कारण आहे.

आणि हे सगळं तेव्हाच्या साधनांनी. आज फोमचा तुकडा साच्यातून काढून आपण अर्ध्या-पाऊण तासात चिकटवतो. पिअर्स रोज सकाळी कापसाचे पातळ थर आणि कलोडियन एकावर एक चढवत कपाळ नव्याने बांधायचा. कलोडियन म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावणातला चिकट पदार्थ. वाळला की कातडी आवळतो, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी येतं. जवळजवळ चार तास खुर्चीत. वरून करडा-हिरवट ग्रीसपेंट, कारण तोवर फिल्म बदलून पॅनक्रोमॅटिक, म्हणजे लालसकट सगळे रंग पकडणारी, झाली होती आणि तिच्यावर तो रंग बरोबर प्रेताच्या कळेसारखा उतरायचा. नखांना काळं बुटपॉलिश. कोटाच्या बाह्या मुद्दाम आखूड शिवलेल्या, म्हणजे हात लांब वाटावेत. बूट प्रत्येकी सहा किलोच्या आसपास. चित्रीकरण २४ ऑगस्टला सुरू झालं आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपलं. कॅलिफोर्नियाच्या त्या उन्हाळ्यात कोटाखाली अंग भरण्यासाठी जाड अस्तराचा पोशाखही होता. रात्री हे सगळं उतरवायला आणखी दीड तास.

इथे नट येतो. चाचणीच्या दिवसांत कार्लोफच्या लक्षात आलं, की डोळे फार जागे दिसताहेत. कालच जन्मलेल्या जिवाचे असे नसणार. त्याच्या सांगण्यावरून पापण्यांवर मेणाचा थर चढला आणि डोळे अर्धवट मिटले. त्याच्या एका बाजूच्या दाढांच्या जागी ब्रिज, म्हणजे काढता-घालता येणारे कृत्रिम दात होते. तो काढून ठेवला की त्या बाजूचा गाल आत जायचा. ती खोलगट सावली रंगाने काढलेली नाही. मायनटच्या माडीवर स्वतःच्या चेहऱ्यावर काम केलेला माणूस म्हणतोय: हे माझ्याकडे आहे, वापरा.

आणि मुख्य म्हणजे पिअर्सने त्याचा चेहरा गाडला नाही. कपाळ वाढवलं, पापण्या जड केल्या, पण गाल, तोंड, हनुवटी बऱ्यापैकी मोकळी ठेवली. राक्षसाचा पहिला प्रवेश आठवा. तो पाठमोरा दारातून आत येतो, हळूच वळतो, आणि मग कॅमेरा दोन झटक्यांत जवळ जातो. कार्लोफ यात काहीही 'करत' नाही. मग छताची झडप उघडते आणि उजेड खाली येतो. तो वर बघतो, उठतो, दोन्ही हात उजेडाकडे नेतो, जणू तो धरता येईल. झडप बंद होते. हात खाली येतात आणि तळवे समोरच्या माणसाकडे उघडे राहतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर त्या तळव्यांत आहे. तिथे पिअर्सचं काम फक्त नखांपुरतं आहे.

तळ्याकाठच्या लहान मुलीचा प्रसंगही असाच. मेरिया त्याला फुलं देते, दोघं ती पाण्यावर सोडतात, फुलं संपतात, आणि तीही तरंगेल म्हणून तो तिला पाण्यात टाकतो. टाकण्याची ती कृती कार्लोफला पसंत नव्हती. व्हेल ठाम राहिला. नंतर सेन्सॉरच्या कात्रीने तो तुकडा गेला, आणि उरलेल्या भागातून प्रेक्षकांनी प्रत्यक्षाहून वाईट काहीतरी कल्पिलं. १९८० च्या दशकात तो परत जोडला गेला.

सिनेमा २१ नोव्हेंबर १९३१ ला लागला. कार्लोफला ४४ पूर्ण व्हायला दोन दिवस होते. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. शेवटी मात्र नाव आलं. तोवर त्याच्या खात्यावर सुमारे ऐंशी सिनेमे होते.

पुढच्या वर्षी 'द ममी'. पट्ट्या गुंडाळलेल्या अवतारासाठी आठ तास मेकअप, आणि पडद्यावर तो अवतार किती? सुरुवातीचे काही क्षण. डोळे किलकिले होतात, हात खाली घसरतो, बस्स. बाकी सिनेमाभर तो सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, ताठ चालणारा इजिप्शियन गृहस्थ आहे आणि माझ्या मते तो मेकअप पिअर्सचा सर्वोत्तम आहे, राक्षसापेक्षाही. १९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये राक्षसाला बोलायला लावलं. कार्लोफचा त्याला विरोध होता. ते बाजूला ठेवा, पण बोलायचं तर दाढांचा ब्रिज तोंडात हवा, म्हणून त्या सिनेमात गालाची खोली गेली आहे. दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून बघितलेत तर तुम्हालाही दिसेल.

एक गोष्ट नाटकवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. 'फ्रँकेन्स्टाइन'च्या शेवटाला नायकाला खांद्यावर टाकून पवनचक्कीकडे चढण्याचा प्रसंग त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला गेला, आणि पाठीचं दुखणं जन्माला लागलं. कामाच्या तासांना तेव्हा धरबंधच नव्हता. १९३३ मध्ये स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना उभी राहिली तेव्हा कार्लोफ पहिल्या मोजक्या सभासदांत होता, कार्डाचा क्रमांक ९. नाव नुकतंच झालेल्या माणसाने स्टुडिओच्या विरोधात उभं राहायला हिंमत लागते. एरवी तो अगदी मवाळ. ऑब्री स्मिथ या इंग्लंडच्या माजी कसोटी कर्णधाराने काढलेल्या हॉलिवूड क्रिकेट क्लबात रमणारा.

नंतरच्या साडेतीन दशकांबद्दल थोडक्यात. ब्रॉडवेवर १९४१ मध्ये 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'मध्ये त्याने 'बोरिस कार्लोफसारखा दिसणारा' खुनी केला आणि स्वतःच्याच नावावर रोज हशा घेतला. १९४५ चा 'द बॉडी स्नॅचर' त्याचं बहुधा सर्वांत पक्कं काम. मुलांना तो 'ग्रिंच' या कार्टूनपटातल्या आवाजामुळे माहीत आहे. २ फेब्रुवारी १९६९ ला इंग्लंडमध्येच, ससेक्समध्ये वारला. पिअर्सला मात्र युनिव्हर्सलने चाळिशीच्या दशकातच नारळ दिला होता. रबराचे तयार तुकडे स्वस्त आणि झटपट पडू लागले, आणि हा गडी कापूस-कलोडियन सोडायला नाखूश. आमच्या जमातीला हा शेवट ओळखीचा आहे.

तर श्रेय कुणाचं? चेहऱ्याची कल्पना पिअर्सची, आणि ती नि:संशय थोर. पण तोच साज दुसऱ्यांनी चढवून झालाय. लॉन चेनीचा मुलगा, लुगोसी, ग्लेन स्ट्रेंज, तिघांनी पुढे युनिव्हर्सलसाठी तोच राक्षस केला, मेकअपमनही पिअर्सच. बघा, आणि तुम्हीच ठरवा.

बघण्याचा क्रम सुचवतो. आधी 'द बेल्स'. मग 'द क्रिमिनल कोड'. मग आवाज बंद करून 'फ्रँकेन्स्टाइन', फक्त हात आणि खांदे बघत, दुसऱ्यांदा आवाजासकट. आणि सगळ्यात शेवटी पीटर बोगदानोविचचा १९६८ चा 'टार्गेट्स'. त्यात कार्लोफ एका निवृत्त होऊ पाहणाऱ्या भयपट-नटाच्या भूमिकेत आहे, मेकअपशिवाय, ऐंशी वर्षांचा. त्यातलं पात्र टीव्हीवर 'द क्रिमिनल कोड'चा तुकडा बघतं, म्हणून तो आधी बघून ठेवा. आणि तो समाराची जुनी गोष्ट सांगतो ना, तिथे वही काढा: विराम कुठे घेतो, नजर कधी उचलतो, एवढंच लिहून काढा आणि तालमीला घेऊन जा.